नागपूरची लेक, आयोवाची आमदार

एका विरोधी उमेदवाराने विचारलं, 'ही बाहेरून आलेली बाई आपलं प्रतिनिधित्व काय करणार?' मतदारांनी नोव्हेंबरमध्ये उत्तर दिलं आणि नंतरची नऊ वर्षं ते बदललं नाही. ग्रीन कार्ड, ऑनसाइट आणि सिटिझनशिपच्या पलीकडचं अमेरिकन स्वप्न बघणाऱ्या स्वाती दांडेकर यांची ही गोष्ट!

फॉरवर्ड केलेला एखादा ई-मेल किती महागात पडू शकतो, हे आपल्या ऑफिसमधल्या कुणालाही विचारा. 'रिप्लाय ऑल' दाबून नोकरीवर पाणी सोडलेल्या एखाद्या महाभागाची गोष्ट प्रत्येक कंपनीत असते. पण एका ई-मेलने निवडणुकीचा सगळा रंगच पालटला, असं कधी ऐकलंय?

२००२ साल. अमेरिकेतलं आयोवा राज्य. मॅरियन नावाचं जेमतेम २६ हजार वस्तीचं गाव. तिथून राज्याच्या प्रतिनिधीगृहासाठी, म्हणजे आपल्या भाषेत विधानसभेसाठी, डेमोक्रॅटिक पक्षाने एका मराठी बाईंना तिकीट दिलं होतं. त्यांच्या विरोधातल्या रिपब्लिकन उमेदवार महिलेने एक ई-मेल लिहिला आणि तो फुटला. मजकुराचा सारांश असा : जी व्यक्ती आयोवात लहानाची मोठी झाली नाही, मिडवेस्टमधल्या आयुष्याचा गाभा जिने अनुभवला नाही, ती इथल्या मूल्यांचं प्रतिनिधित्व कशी करणार? आपल्या राष्ट्रपुरुषांनी लिहून दिलेले घटनात्मक हक्क तिला कसे कळणार?

जरा वेळ लक्षात घ्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला पुरतं सव्वा वर्षही झालं नव्हतं. सावळा रंग आणि वेगळं नाव असलेल्या माणसाकडे अमेरिकेत जरा जास्तच निरखून बघितलं जात होतं. अशा वेळी 'ही आपली नव्हे' असं कुणी म्हणणं म्हणजे गवताच्या गंजीवर काडी टाकण्यासारखंच.

काडी पडली खरी, पण पेट घेतला भलत्याच बाजूने. टीकेची झोड उठली ती ई-मेल लिहिणाऱ्या बाईंवर. आणि ५ नोव्हेंबर २००२ च्या मतदानात निवडून आल्या स्वाती दांडेकर. मूळ गाव : नागपूर!

भारतात जन्मून अमेरिकेतल्या एखाद्या राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेलेली महिला अशी त्यांची ओळख झाली ती तेव्हापासून.

डाएटेटिक्सचा डिप्लोमा आणि मक्याची शेतं

स्वाती दांडेकरांचा जन्म ६ मार्च १९५१ चा. नागपूर विद्यापीठातून १९७१ मध्ये जीवशास्त्र आणि रसायनशास्त्रात बी.एस्सी. मग मुंबई विद्यापीठाचा डाएटेटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा, १९७२ मध्ये. तेव्हाच्या मध्यमवर्गीय मराठी घरातल्या हुशार मुलीचा अगदी ओळखीचा बायोडेटा. राजकारणाचा त्यात कुठे मागमूस नाही.

१९७३ मध्ये त्या लग्न होऊन आयोवात आल्या. आता आयोवा म्हणजे न्यूयॉर्क नव्हे की न्यू जर्सीही नव्हे. एडिसनच्या ओक ट्री रोडवर आज मिळणारी मिसळ, शनिवारी महाराष्ट्र मंडळाची नाटकं, शेजारी चार जोशी आणि दोन पाटील... यातलं काही तिथे अपेक्षित धरू नका. आयोवा हा अमेरिकेच्या पोटातला प्रदेश. नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन. उन्हाळ्यात नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीची सवय असलेल्या माणसाला जानेवारीत शून्याच्या खाली वीस डिग्री कशी वाटत असेल, याची फक्त कल्पना करायची. घरी फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करून ताटकळायचं, नाहीतर निळ्या एअरमेलवर चार ओळी खरडून उत्तराची वाट बघत बसायचं.

त्या काळी तिकडे भारतीय माणूस पोचू शकला, यामागेही एक कायदा आहे. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड या शीख सैनिकाच्या खटल्यात निकाल दिला होता, की भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. हा दरवाजा १९४६ मध्ये किलकिला झाला, पण कोटा वर्षाला अवघ्या शंभर जणांचा! दार सताड उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने. डॉक्टर, इंजिनीअर, शास्त्रज्ञ यांची जी पहिली मोठी लाट भारतातून गेली ती त्यानंतरची. दांडेकर कुटुंब याच लाटेच्या काळातलं.

ही पिढी आपल्याला ठाऊक आहे. नोकरी भली की आपण भले. घर, गाडी, मुलांचं कॉलेज, दर दोन वर्षांनी भारतवारी. राजकारण? ते तिथल्या लोकांचं काम. आपण पाहुणे. पाहुण्याने यजमानाच्या स्वयंपाकघरात कशाला डोकवायचं?

स्वाती दांडेकर मात्र डोकावल्या. आणि तेही मागच्या दाराने नाही!

पहिली पायरी : शाळा

आपल्याकडे आमदार व्हायचं असेल तर साधारण मार्ग काय? वडील किंवा काका आधी आमदार हवेत. ते नसतील तर साखर कारखाना, दूध संघ, गणेश मंडळ किंवा कॉलेजची निवडणूक. अमेरिकेतल्या छोट्या गावांत एक वेगळी पायवाट आहे : स्कूल बोर्ड.

तिथल्या सरकारी शाळा चालवतं ते स्थानिक लोकांनी निवडून दिलेलं मंडळ. शाळेला नवी इमारत हवी का, शिक्षकांचे पगार किती, बजेटला कात्री लावायची तर संगीताच्या तासाला लावायची की बसच्या फेऱ्यांना, असले डोकेदुखीचे निर्णय याच टेबलावर होतात. आयोवात या कामाला एक पैसाही मानधन नाही. संध्याकाळी ऑफिस आटोपून मीटिंगला जायचं, दोन तास संतापलेल्या पालकांचं ऐकून घ्यायचं आणि घरी येऊन गार जेवायचं. असा हा मामला.

मॅरियनच्या लिन-मार शाळा मंडळावर स्वाती दांडेकर १९९६ मध्ये निवडून आल्या आणि २००२ पर्यंत राहिल्या. दोन मुलांच्या आईला शाळेची काळजी वाटणं अगदी साहजिक. पण लक्षात घ्या, आयोवा सरकारच्या तिजोरीतला निम्म्याहून जास्त पैसा शिक्षणावर खर्च होतो. म्हणजे शाळेचं बजेट ज्याला कळलं, त्याला राज्याचं अर्धं बजेट कळलं! सहा वर्षांचा हा बिनपगारी कोर्स आमदारकीची इंटर्नशिपच होती म्हणा ना.

याच काळात त्या 'व्हिजन आयोवा' या सरकारी मंडळावरही होत्या. कॅसिनोंच्या महसुलातून उभा केलेला पैसा गावोगावच्या मोठ्या प्रकल्पांना वाटायचं काम या मंडळाकडे होतं. पैसा थोडा, मागणारे फार. कुणाला 'हो' म्हणायचं आणि कुणाला न दुखावता 'नाही' म्हणायचं, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

तेव्हा २००२ मध्ये त्या 'बाहेरच्या' उमेदवार म्हणून उभ्या राहिल्या, असं म्हणायचं तर कुठल्या बाहेरच्या? एकोणतीस वर्षं त्याच राज्यात राहिलेल्या. गावातल्या शेकडो पालकांना नावानिशी माहीत असलेल्या. ई-मेल लिहिणाऱ्या बाईंचं गणित चुकलं ते इथेच.

आणि तो 'लिखित घटना' असलेला टोमणा? तो तर नागपूरकराला मारण्यात काहीच अर्थ नव्हता. जगातल्या सर्वांत मोठ्या लिखित राज्यघटनांमध्ये आपली घटना मोडते आणि तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली ती नागपुरातच. तेव्हा त्या शहरातली ही मुलगी पाच वर्षांची होती. हक्क, घटना, समान नागरिकत्व हे शब्द शिकायला तिला आयोवात जन्म घ्यायची गरज नव्हती.

आमदारकी म्हणजे काय रे भाऊ?

आयोवाच्या प्रतिनिधीगृहात १०० सदस्य, सिनेटमध्ये ५०. राज्याची लोकसंख्या २००० च्या जनगणनेत साधारण २९ लाख २६ हजार. म्हणजे एका आमदारामागे २९ हजार माणसं. आता आपल्याकडचं गणित करा. महाराष्ट्र विधानसभेत २८८ जागा आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सव्वाअकरा कोटी. एका आमदारामागे तब्बल ३ लाख ९० हजार लोक!

याचा अर्थ काय? आपल्याकडे आमदार दिसतो तो फ्लेक्सवर. तिकडे तो किराणा दुकानात ट्रॉली ढकलताना भेटतो. २९ हजार माणसं म्हणजे साधारण बारा हजार घरं. चिकाटी असेल तर एका उन्हाळ्यात बरीचशी दारं स्वतः वाजवता येतात. निवडणूक दर दोन वर्षांनी, म्हणजे एक संपते न संपते तोच दुसरीची तयारी. अर्जासाठी अटी जुजबी : अमेरिकन नागरिकत्व, वय २१, राज्यात एक वर्षाचं आणि मतदारसंघात साठ दिवसांचं वास्तव्य. तुमचा जन्म कुठला, हे राज्यघटना विचारत नाही. अमेरिकेत जन्माचं बंधन आहे ते फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपाध्यक्षपदासाठी.

नागरिकत्वाची ही अट वाचायला साधी आहे, पाळायला नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. ओसीआय कार्डाची सोय आली ती २००५ मध्ये. त्याआधी ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्यांनी भारताचा पासपोर्ट परत केला, आणि आपल्याच देशात यायला व्हिसाच्या रांगेत उभे राहिले. निवडणुकीला उभं राहण्याची ही खरी फी!

आणि ग्लॅमर? विसरा. डे मॉईन या राजधानीतल्या कॅपिटॉलच्या घुमटाला २३ कॅरेट सोन्याचा वर्ख आहे, पण सोन्याची गोष्ट तिथेच संपते. सभागृहातलं डेस्क हेच सर्वसाधारण सदस्याचं ऑफिस, मदतीला एक क्लार्क. लाल दिवा नाही, पीए नाही, गनमॅन तर नाहीच. अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं आणि साधारण वसंत ऋतूत संपतं. बाकीचे महिने आमदार पुन्हा शेतकरी, शिक्षक, वकील किंवा दुकानदार. २००७ पासूनचा पगार वर्षाला २५ हजार डॉलर. आपल्या एच-१बीवाल्या मित्राला हा आकडा सांगितलात तर तो हसेल. मॅरियनहून राजधानी दोनशे किलोमीटर. हिवाळ्यात, बर्फात.

या सगळ्यात स्वाती दांडेकर २००४ मध्ये पुन्हा निवडून आल्या. २००६ मध्येही. पहिली चार वर्षं त्यांचा पक्ष प्रतिनिधीगृहात अल्पमतात होता. अल्पमतातल्या आमदाराला दोनच पर्याय असतात : रोज आरडाओरडा करायचा, नाहीतर समोरच्या बाकावरच्या माणसाशी बोलून काम काढून घ्यायचं. मध्यममार्गी, उद्योगांशी जुळवून घेणाऱ्या डेमोक्रॅट अशी जी त्यांची प्रतिमा झाली, ती पुढे त्यांच्या कामी आली आणि नडलीसुद्धा!

पुराचं वर्ष

२००८ मध्ये त्यांनी सिनेटसाठी अर्ज भरला. मॅरियनच्याच मेरी लंडबी या वजनदार रिपब्लिकन नेत्या आजारपणामुळे निवृत्त होत होत्या. म्हणजे जागा प्रतिस्पर्धी पक्षाची, वर्ष निवडणुकीचं... आणि जूनमध्ये पूर आला.

शेजारचं सीडर रॅपिड्स हे राज्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. १३ जून २००८ ला सीडर नदीचं पाणी तिथे ३१ फुटांच्या वर गेलं. शहराच्या सुमारे दहा चौरस मैलांवर पाणी पसरलं. हजारो घरं, सिटी हॉल, कोर्ट, वाचनालय, सगळं पाण्यात. २६ जुलै २००५ आठवतोय ना? मुंबईकराला हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको.

उंचावरचं मॅरियन बऱ्यापैकी वाचलं. पण एका दमात नोकऱ्या, घरं आणि रस्ते वाहून गेलेल्या काउंटीत प्रचाराचे मुद्दे बदलतात. मूल्यं, जन्मस्थान, उच्चार यांच्या गप्पा मागे पडतात. घराचे पैसे कधी मिळणार, विम्याचा फॉर्म कुठे भरायचा, हे प्रश्न पुढे येतात. नोव्हेंबरमध्ये स्वाती दांडेकर सिनेटवर निवडून आल्या. २००९ मध्ये लिन काउंटीतून राजधानीत गेलेल्या प्रत्येक आमदारापुढचा पहिला विषय हाच होता : पुनर्बांधणी.

तो राजीनामा

आता गोष्टीतलं अवघड वळण. यशोगाथा लिहिताना अशा जागी लेखक हळूच गिअर बदलतात. आपण थांबू या.

२०११ सालचं सिनेट. डेमोक्रॅट २६, रिपब्लिकन २४. प्रतिनिधीगृह रिपब्लिकनांकडे, गव्हर्नर टेरी ब्रॅन्स्टॅडही रिपब्लिकन. म्हणजे राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाच्या हातात उरलेला एकच ब्रेक होता, तो म्हणजे सिनेटमधलं हे दोन मतांचं बहुमत. त्यावर बरंच काही अडकलं होतं. २००९ मध्ये आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती. तो निकाल घटनादुरुस्तीने फिरवायचा रिपब्लिकनांचा प्रयत्न सिनेटमध्येच अडवला जात होता.

आणि सप्टेंबर २०११ मध्ये स्वाती दांडेकरांनी सिनेटचा राजीनामा दिला. गव्हर्नर ब्रॅन्स्टॅड यांनी त्यांना आयोवा युटिलिटीज बोर्डावर नेमलं होतं. वीज आणि गॅस कंपन्यांचे दर ठरवणारं हे तीन सदस्यांचं मंडळ. पूर्ण वेळ, पगारी, प्रतिष्ठेचं पद.

पक्षात खळबळ उडाली. विरोधी गव्हर्नरने गळ टाकला आणि आपल्याच बाईंनी तो गिळला, अशी चर्चा सुरू झाली. रिकाम्या जागेवर पोटनिवडणूक लागली. ती रिपब्लिकनांनी जिंकली असती तर २५-२५! एका मराठी बाईंच्या करिअर मूव्हवर अख्ख्या राज्याचं राजकारण टांगणीला लागलं. ८ नोव्हेंबर २०११ च्या पोटनिवडणुकीत टीव्हीवरच्या माजी वृत्तनिवेदिका लिझ मॅथिस यांनी ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे राखली आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला.

त्यांनी बरोबर केलं की चूक? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. साठीला आलेल्या, नऊ वर्षं तुटपुंज्या पगारावर बर्फातून ये-जा केलेल्या माणसाला आपल्या आवडीच्या विषयातलं मोठं पद मिळत असेल, तर त्याने ते का नाकारावं? तुम्ही-आम्ही दर तीन वर्षांनी जॉब बदलतोच की! आणि तरीही, मतदाराने चार वर्षांसाठी दिलेलं मत म्हणजे ऑफर लेटर नव्हे. नोटीस पिरियड देऊन निघून जाता येतं, पण मागे राहिलेल्यांना त्याची किंमत मोजावी लागू शकते.

एक मात्र खरं. २००२ मध्ये प्रश्न होता, 'ही बाई आपली आहे का?' २०११ मध्ये तिच्यावर टीका झाली ती एखाद्या पक्क्या आयोवन राजकारण्यावर होते तशीच. पक्षनिष्ठा, पद, डावपेच यांवरून. नागपूरचा विषय कुठच्या कुठे मागे पडला होता. टीकासुद्धा बरोबरीच्या नात्याने व्हावी, हेही एक प्रकारचं नागरिकत्वच, नाही का?

हार, आणि मनिला

युटिलिटीज बोर्डावरचा काळ छोटा ठरला. २०१३ मध्ये त्यांनी ते पद सोडलं आणि थेट अमेरिकन काँग्रेसच्या जागेसाठी शड्डू ठोकला. ३ जून २०१४ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी झाली. पाच उमेदवार होते. जिंकले पॅट मर्फी. दांडेकर हरल्या.

पण त्या पाच जणांची यादी बघण्यासारखी आहे. त्यात दांडेकरांखेरीज आणखी एक इमिग्रंट उमेदवार होत्या. अनेसा काय्ताझोविच. बोस्नियात जन्मलेल्या, लहानपणी निर्वासित म्हणून आयोवात आलेल्या आणि २०१० मध्ये विशीतच राज्याच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेलेल्या. बारा वर्षांपूर्वी परदेशातला जन्म हा निवडणुकीचा मुद्दा होता. आता पाचपैकी दोघींचा जन्म परदेशातला होता!

दांडेकरांची कारकीर्द तिथे संपली नाही. राष्ट्राध्यक्ष बराक ओबामांनी त्यांचं नाव आशियाई विकास बँकेच्या संचालक मंडळासाठी सुचवलं आणि २०१६ मध्ये अमेरिकन सिनेटने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राजदूताचा दर्जा, मुक्काम मनिला. ही बँक १९६६ पासून आशियातल्या देशांना रस्ते, वीज, पाणी यांसाठी कर्ज देते. तिचे सर्वांत मोठे भागधारक जपान आणि अमेरिका, आणि मोठ्या कर्जदारांत भारत. नागपूरहून कर्ज काढून परदेशी गेलेले पुष्कळ. नागपूरहून निघून भारताला कर्ज देणाऱ्या टेबलावर अमेरिकेच्या खुर्चीत बसलेल्या त्या विरळाच.

चौकट : आधीचे आणि नंतरचे

• दलीपसिंग सौंद : पंजाबात जन्म. १९४९ मध्ये अमेरिकन नागरिक, १९५६ मध्ये कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसवर. तिथे निवडून गेलेले पहिले भारतीय.

• कुमार बर्वे : राज्य विधिमंडळावर निवडून गेलेले पहिले भारतीय-अमेरिकन. मेरीलँड, १९९०. जन्म न्यूयॉर्क राज्यातला, आडनाव मात्र अस्सल मराठी! पुढे बरीच वर्षं सभागृहातले बहुमताचे नेते.

• उपेंद्र चिवुकुला : आंध्रातल्या नेल्लोरचे. २००१ मध्ये न्यू जर्सी असेंब्लीवर विजय.

• अरुणा मिलर : जन्म हैदराबादचा. आधी मेरीलँडच्या विधिमंडळात, जानेवारी २०२३ मध्ये त्याच राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नर.

• श्री ठाणेदार : बेळगावात वाढलेले मराठी उद्योजक. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत पराभव. २०२० मध्ये डेट्रॉइटमधून राज्याच्या प्रतिनिधीगृहावर आणि २०२२ मध्ये काँग्रेसवर निवड. प्रचारात स्वतःचे कोट्यवधी ओतल्याची टीकाही सोबत आली. 'ही श्रीची इच्छा' हे त्यांचं आत्मचरित्र मराठी वाचकांच्या ओळखीचं आहे.

• झोहरान ममदानी : युगांडातल्या कंपालात जन्म. २०२० मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या असेंब्लीवर, नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या महापौरपदी निवड.

आपल्या दारातले 'बाहेरचे'

नागपूरची मुलगी अमेरिकेत आमदार झाली की आपली छाती फुगते. फुगायलाच हवी. पण जरा थांबून तो ई-मेल पुन्हा वाचा. 'जो इथे लहानाचा मोठा झाला नाही, त्याला इथली मूल्यं काय कळणार?' वाक्य ओळखीचं वाटतं ना? पुण्यात, मुंबईत, बंगळुरात, दिल्लीत, प्रत्येक शहरात ते कुणी ना कुणी कुणाबद्दल तरी बोलत असतं. कधी लिफ्टमध्ये, कधी सोसायटीच्या ग्रुपवर, कधी स्टेजवरून. तिकडे आपल्या माणसाला ते लागलं की ते रेसिझम, आणि इकडे आपण म्हटलं की तो अभिमान. मॅरियनच्या मतदारांनी २००२ मध्ये जे केलं, ते आपल्या वॉर्डात आपण केलं असतं का? ज्याने त्याने आपल्या मनाशी उत्तर द्यावं.

दुसरा मुद्दा आपल्यातल्या 'पाहुण्यां'चा. आपल्यापैकी किती जण नोकरीसाठी घर सोडून आलोय! लातूरहून हिंजवडी, कोल्हापूरहून अंधेरी, अकोल्याहून बंगळूर. पाच-सात वर्षं एका शहरात राहतो, टॅक्स भरतो, खड्ड्यांना शिव्या देतो. आणि मतदार यादीतलं नाव? ते अजून गावी. वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे विचारलं की गुगल करतो. सोसायटीच्या मीटिंगची नोटीस लागली की नेमकं त्याच रविवारी लोणावळा आठवतं.

स्वाती दांडेकरांनी सुरुवात केली ती मुलांच्या शाळेच्या मंडळापासून. पगार शून्य, ग्लॅमर शून्य, चर्चा शाळेच्या बजेटची. त्याच खुर्चीवरून पुढचा रस्ता राजधानीत, मग सिनेटमध्ये आणि शेवटी मनिलापर्यंत गेला. मधे एक विखारी ई-मेल आला, एक वादग्रस्त राजीनामा आला, एक सपशेल पराभवही आला. पण 'मी इथली आहे' हे सिद्ध करायला त्यांनी भाषण ठोकलं नाही, आधी सहा वर्षं शाळेचं काम केलं.

तेव्हा या रविवारी लोणावळा राहू द्या. मतदार यादीत नाव बदलण्यासाठी फॉर्म क्रमांक आठ लागतो, तो ऑनलाइन भरता येतो. आणि खाली नोटीस बोर्डावर सोसायटीच्या मीटिंगची वेळ लिहिली असेल. जाऊन बघा तरी!